स्ट्रेचरवर आलेला शत्रू

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून 'राजपुताना' नावाची आगबोट पूर्वेकडे निघाली, तेव्हा तिच्यावर काँग्रेसने पाठवलेले पाच डॉक्टर होते. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन मोहनलाल अटल आणि उपप्रमुख नागपूरचे डॉ. चोळकर. बरोबर कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी व डॉ. बिजयकुमार बसू, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. चोळकर पाचांत वयाने सर्वांत मोठे. कोटणिसांना अट्ठाविसावे संपायला महिना-सव्वा महिना उरलेला. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून ते नुकतेच डॉक्टर झाले होते आणि पुढच्या शस्त्रक्रियेच्या परीक्षेची तयारी चालू होती. ती बाजूला ठेवून ते निघाले.

कोटणिसांची पुढची कथा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, निदान शांतारामबापूंच्या चित्रपटापुरती तरी. त्या कथेत जखमी चिनी सैनिक आहेत, चिनी परिचारिका आहे, अकाली मृत्यू आहे. जखमी जपानी मात्र आपल्या आठवणीत फारसा कुठे दिसत नाही. पण ज्या सैन्याच्या रुग्णालयात कोटणीस गेले, तिथे तोही स्ट्रेचरवरून येत होता आणि त्याचे काय करायचे हा रोजच्या कामाचा प्रश्न होता. एका बाजूने युद्धात उतरलेल्या डॉक्टरने दुसऱ्या बाजूच्या जखमीशी कसे वागावे, याचा धडा या मोहिमेत जितका स्पष्ट दिसतो तितका तो आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्याच प्रकरणात दिसत नाही.

मोहिमेचे कारण घडले ७ जुलै १९३७ रोजी. पेकिंगजवळच्या लुगोच्याव पुलापाशी जपानी आणि चिनी तुकड्यांची चकमक झाली आणि बघता बघता तिचे सर्वंकष युद्ध झाले. नोव्हेंबरात शांघाय पडले, डिसेंबरात नानकिंग. नानकिंगमध्ये शरण आलेल्या सैनिकांची आणि नागरिकांची जी कत्तल झाली, तिच्या बातम्या जगभर पसरल्या. त्याच सुमारास चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. अमेरिकन पत्रकार ॲग्नेस स्मेडली यांनीही नेहरूंचा पिच्छा पुरवला होता. १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुऱ्याला सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी हे काम हाती घेतले. देशभर 'चीन दिन' पाळला गेला, झोळ्या फिरल्या आणि सुमारे २२,००० रुपये जमले. त्यातून औषधे, उपकरणे आणि एक रुग्णवाहिका घेतली गेली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हे पाचही जण कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होते आणि ब्रिटन तेव्हा जपानशी लढत नव्हते. म्हणजे कागदोपत्री जपान त्यांचा शत्रू नव्हता. त्यांनी तो आपण होऊन निवडला होता. काँग्रेसला ही मदत केवळ भूतदया म्हणून करायची नव्हती, साम्राज्यशाहीविरुद्धच्या लढ्यातली ती बाजू होती. तटस्थ रेडक्रॉस आणि हे पथक यांत सुरुवातीपासून हा फरक होता.

चोळकरांच्या विदर्भाला रणांगणावरच्या डॉक्टरांची तशी ओळख होती. नागपूरचेच डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे तरुणपणी बोअर युद्धात वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले होते. आणि यवतमाळ जिल्ह्याची हद्द जिथे संपते, त्या वर्धा नदीच्या पलीकडे, तेव्हा शेगाव म्हटल्या जाणाऱ्या सेवाग्रामात १९३६ पासून गांधीजी राहत होते. ते डॉक्टर नव्हते, पण शत्रूच्या जखमा धुण्याचा अनुभव त्यांच्याइतका थेट असलेला माणूस या मुलखात दुसरा नसावा.

१९०६ साली नाताळमध्ये झुलूंचे बंड झाले, तेव्हा गांधीजींनी दोन डझन हिंदी स्वयंसेवकांचे पथक उभारून साम्राज्याला देऊ केले. मनाने ते तेव्हा साम्राज्याचे निष्ठावंत होते. पण आघाडीवर पोहोचल्यावर त्यांच्या वाट्याला कोण आले? जखमी झुलू. गोरे लोक त्यांची शुश्रूषा करायला तयार नव्हते आणि जखमा पाच-पाच, सहा-सहा दिवस न धुतलेल्या, चिघळलेल्या. त्यांतले पुष्कळ लढाईत जखमी झालेले नव्हतेच, संशयावरून पकडून चाबकाने सोललेले होते. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला हे पथक म्हणजे देवानेच धाडलेले वाटले. गांधीजींनी आत्मकथेत हा प्रसंग सांगितला आहे आणि आपण कोणाच्या बाजूने आलो नि कोणाची सेवा करतो आहोत, या विसंगतीने मनाचा कसा ठाव घेतला तेही सांगितले आहे. ब्रह्मचर्याचा निश्चय त्यांनी त्याच पायपिटीत केला, म्हणून चरित्रकारांचे लक्ष तिकडे जास्त जाते. मला त्या चिघळलेल्या पाठी जास्त महत्त्वाच्या वाटतात.

जखमी शत्रूबाबत कायदा काय सांगत होता? १८५९ साली उत्तर इटलीत सोल्फेरिनोला मोठी लढाई झाली. हजारो जखमी मैदानात तडफडत पडले. आंरी ड्यूनां हा स्विस व्यापारी योगायोगाने तिथे होता. जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायकांनी फ्रेंच, इटालियन, ऑस्ट्रियन असा भेद न करता सगळ्यांना पाणी पाजले, पट्ट्या बांधल्या, हे त्याने पाहिले आणि पुस्तकात लिहिले. त्यातून रेडक्रॉसची चळवळ आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार आला. १९२९ साली तो नव्याने लिहिला गेला. जखमी वा आजारी सैनिक कोणत्याही राष्ट्राचा असो, त्याला संरक्षण आणि उपचार मिळालेच पाहिजेत, हे त्याचे पहिलेच कलम. जखमींच्या या कराराला जपानने मान्यता दिलेली होती. युद्धकैद्यांविषयीच्या दुसऱ्या करारावर मात्र सही करूनही त्याने तो पुढे मंजूर केला नाही.

गंमत अशी की, १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात याच जपानने रशियन जखमींना ज्या आदबीने वागवले त्याचे जगभर कौतुक झाले होते. मात्सुयामाच्या छावणीतल्या रशियन कैद्यांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. तेव्हा जपानला सुसंस्कृत राष्ट्रांच्या पंगतीत बसायचे होते. १९३७ मध्ये ती गरज उरली नव्हती. चीनवरच्या स्वारीला जपान सरकार 'युद्ध' म्हणतच नव्हते, 'घटना' म्हणत होते. युद्धच नाही तर युद्धाचे नियम तरी कशाला, असा तो सरळ हिशेब होता.

पाच डॉक्टर हाँगकाँगमार्गे कँटनला पोहोचले. तिथे सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे हांकौला चिनी रेडक्रॉसच्या मदतपथकांत त्यांची नेमणूक झाली. पण पाय टेकेपर्यंत जमीन सरकत होती. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आधी कँटन आणि मग हांकौ जपान्यांच्या हाती गेले. पथक यांगत्से नदीने वर सरकत यिचांग करीत चुंगकिंगला आले. तिथून त्यांना जायचे होते ते ज्यांनी बोलावले त्या आठव्या रूट आर्मीकडे. चँग कै-शेकच्या राष्ट्रवादी सरकारला हे फारसे रुचणारे नव्हते. बराच खल झाल्यावर १९३९ च्या जानेवारीत ते वायव्येकडे निघाले आणि फेब्रुवारीत येनानला पोहोचले.

येनान म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांचे गाव. रुग्णालयही गुहांतच. वॉर्ड म्हणजे एक लांबट बोगदा, तोंडाशी कागद लावलेली खिडकी, मातीची शेज. मुखर्जी आणि चोळकर त्याच वर्षी मायदेशी परतले, मुखर्जी मूत्रपिंडाच्या दुखण्याने, चोळकर वयामुळे. नागपूरच्या या वडीलधाऱ्या डॉक्टरने त्या वयात तिथवर मजल मारली, याची दखल आपण घ्यायला हवी तितकी घेतलेली नाही. उरलेले तिघे नोव्हेंबरात आघाडीकडे निघाले. पूर्वेला शान्शी आणि हबेईच्या डोंगरांत, जपानी फळीच्या मागे, आठव्या रूट आर्मीचा एक प्रदेश होता. तिथे नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा शल्यविशारद काम करीत होता. त्याला भेटायचा त्यांचा बेत होता. ते वाटेत असतानाच १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून वारला. शस्त्रक्रिया करताना हातमोजे नव्हते, बोट कापले, जंतुसंसर्ग रक्तात भिनला.

बेथ्यूनविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण जखमी शत्रूची जी रीत कोटणिसांना तिथे मिळाली तिच्यावर त्याचा ठसा होता. हा मनुष्य कट्टर कम्युनिस्ट. स्पेनच्या यादवीत त्याने रक्ताच्या बाटल्या थेट आघाडीवर नेण्याची योजना चालवली होती. १९३८ च्या सप्टेंबरात त्याने सुंगयेनकौ गावात आदर्श रुग्णालय उभे केले. जपान्यांनी ते काही आठवड्यांत उद्ध्वस्त केले. तेव्हापासून पक्क्या इमारतीचा नाद त्याने सोडला. रुग्णालयावर लाल क्रॉस लावणे म्हणजे विमानांना निशाण दाखवणे, असा तो काळ होता. मग त्याने गावकऱ्यांच्या शेणखत वाहायच्या दुपाखी टोपल्यांच्या धर्तीवर एक लाकडी खोगीर बनवून घेतले. खेचराच्या पाठीवर ते चढवले की दोन्ही अंगांना खण. त्यांत चिमटे, करवती, खपच्या, भुलीचे औषध, पट्ट्या. शंभर शस्त्रक्रिया आणि पाचशे मलमपट्ट्या होतील एवढे सामान त्यात मावे. वरची फळी काढून दोन्ही खणांवर टाकली की मलमपट्टीचे टेबल तयार. ज्या पुलाजवळ युद्धाची ठिणगी पडली त्या लुगोच्यावचेच नाव त्याने या खोगिराला दिले.

या टेबलावर जपानीही येत. बेथ्यूनने जखमांवर एक निबंध लिहिला आहे. त्यात एका रात्रीचे वर्णन आहे. आपले जखमी एकामागून एक उरकल्यावर तो विचारतो, आणखी कोणी? चार जपानी कैदी आहेत असे उत्तर येते. तो त्यांना आत घ्यायला सांगतो, रक्ताने चिकटलेला गणवेश कापायला लावतो, रक्तस्राव बांधतो आणि त्यांना बाकीच्यांच्या शेजारी निजवायला सांगतो. मग त्याचा राग उफाळतो, पण तो या चौघांवर नाही. कामगार असलेल्या या माणसांना मरायला धाडून ज्यांचे खिसे भरतात, त्यांच्यावर तो तुटून पडतो. म्हणजे त्याची बाजू क्षणभरही सुटलेली नाही. जपानी शिपायाला वाचवणे आणि जपानी साम्राज्याला हरवणे ही त्याच्या लेखी एकाच कामाची दोन अंगे होती.

पण एकट्या बेथ्यूनच्या उदार मनावर हे अवलंबून नव्हते. त्याच्या आधीच, १९३७ च्या ऑक्टोबरात, चू तेह आणि फंग तेह-ह्वाय यांच्या सहीने सैन्याला हुकूम सुटला होता: शरण आलेल्या जपान्याला मारायचे नाही, जखमी वा आजारी असेल तर उपचार करायचे, परत जायचे म्हणाला तर वाटखर्च देऊन सोडायचे. नानकिंग अजून व्हायचे होते, पण ज्यांची गावे जाळली गेली, घरची माणसे मारली गेली, अशा शेतकरी शिपायांना हा हुकूम पाळायला लावणे सोपे नव्हतेच. सुरुवातीला कैदी फार कमी हाती लागत. एक तर जपानी सैनिक शरण येण्यापेक्षा मरण पत्करत, आणि हाती लागलाच तर रागाच्या भरात त्याचा निकाल लागे. म्हणून वरून पुन्हा पुन्हा बजावावे लागले.

यात हेतू काय होता? निव्वळ दया नव्हती, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. शरण गेलो तर चिनी आपल्याला हालहाल करून मारतील, हे जपानी शिपायाच्या मनावर ठसवलेले होते. तो शेवटच्या गोळीपर्यंत लढे त्याचे ते एक कारण. बरा होऊन परतलेला एक जखमी त्या समजुतीला सुरुंग लावू शकत होता. शिवाय बऱ्या झालेल्या कैद्यांतून युद्धविरोधी संघ निघाले. येनानला त्यांची एक शाळाच चालली. म्हणजे मलमपट्टीला राजकारण चिकटलेले होते.

आपल्या इतिहासातही हे असेच आहे. १६७२ मध्ये साल्हेरच्या मैदानात मोगलांचा मोड झाला. इखलासखान आणि मोहकमसिंग हे सरदार जखमी होऊन मराठ्यांच्या हाती लागले. शिवाजीमहाराजांनी त्यांच्या जखमांची व्यवस्था करून, वस्त्रे देऊन त्यांना सोडून दिले. सोडलेल्या सरदाराच्या तोंडून महाराजांचा लौकिक मोगल छावणीत जाणार, हे त्यांना कळत नव्हते असे मानणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. त्याने त्या जखमी माणसाच्या पदरी पडलेले औषध कमी गुणाचे ठरत नाही. हेतू निखळ असेपर्यंत थांबायचे ठरवले असते तर साल्हेरलाही आणि हबेईतही जखमी वाट पाहतच मेला असता. डॉक्टरच्या बाबतीत तर हे आणखी खरे. हुकूम सेनापतीने राजकारणासाठी काढलेला असो, टेबलाशी उभा असलेल्या माणसाला समोर दिसते ती फुटलेली मांडी.

अटल प्रकृतीच्या कारणाने १९४० मध्ये परतले. कोटणीस आणि बसू दोघेच रात्रीचे रेल्वेमार्ग ओलांडत, जपानी चौक्या चुकवत, त्या वर्षीच्या जूनमध्ये बेथ्यूनच्या प्रदेशात पोहोचले. तिथले सेनापती होते निए रुंगचेन. २० ऑगस्टला आठव्या रूट आर्मीने जपानी रेल्वे, पूल, खाणी यांवर एकाच वेळी हल्ले चढवले. 'शंभर पलटणींची मोहीम' म्हणून ती ओळखली जाते. बसू आणि कोटणीस यांनी आघाडीचे दोन भाग वाटून घेतले. एका झुंजीत कोटणिसांच्या तुकडीकडे तेरा दिवसांत आठशेच्या वर जखमी आले आणि साडेपाचशेहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, अशी चिनी नोंद आहे. झोप म्हणजे दोन स्ट्रेचरांच्या मधला वेळ.

याच मोहिमेच्या सुरुवातीला चिंगशिंगच्या कोळसाखाणीवरच्या हल्ल्यात निए यांच्या सैनिकांना दोन जपानी मुली सापडल्या. आईबाप लढाईत गेलेले. थोरली पाचेक वर्षांची, धाकटी अंगावर पिणारी आणि जखमी. सैन्याच्या वैद्यांनी बाळाची जखम बांधली, गावातल्या एका बाईने तिला दूध पाजले. निए यांनी जपानी अधिकाऱ्यांना उद्देशून पत्र लिहिले. मग कावडीच्या दोन टोपल्यांत दोघींना बसवून, वाटेत खायला नासपती देऊन, एका गावकऱ्याकरवी शिचियाच्वांगच्या जपानी ठाण्याकडे पाठवले. धाकटी पुढे तिथल्या इस्पितळात दगावली. थोरली, मिहोको, जगली. १९८० मध्ये तिचा जपानात शोध लागला आणि ती पेकिंगला जाऊन म्हाताऱ्या निए यांना भेटली. हुकूम खालपर्यंत मुरला होता की नाही, हे तपासायचे असेल तर या कावडीइतका चांगला पुरावा मिळणे कठीण.

त्या मोहिमेचा सूड जपान्यांनी १९४१-४२ मध्ये उगवला. सगळे मारा, सगळे जाळा, सगळे लुटा, असे त्यांचे धोरणच झाले. गावे ओसाड पडली. नेमक्या याच दोन वर्षांत कोटणीस तिथल्या रुग्णालयाचे प्रमुख होते. १९४१ च्या जानेवारीत बेथ्यूनच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. तांग तालुक्यातले गेगुंग हे गाव त्यांचे ठाणे. पण ठाणे म्हणायचे आणि निम्मा वेळ रानोमाळ. जपान्यांचा 'झाडू', म्हणजे गावोगाव धुंडाळत येणारी मोहीम, सुरू झाला की रुग्ण गावकऱ्यांच्या घरांत, भुयारांत, गुहांत पांगवायचे, खेचरे लादायची आणि डोंगर चढायचे. मलमल धुऊन पुन्हा वापरायची, भुलीचे औषध थेंबाथेंबाने मोजायचे.

अशा टंचाईत शत्रूवर उपचार करणे म्हणजे काय, याचा विचार केला की सगळी नीतिचर्चा जमिनीवर येते. जिनिव्हाचा करार भरल्या कपाटासमोर लिहिला गेला होता. इथे एका जपानी कैद्याला दिलेली भूल म्हणजे उद्या येणाऱ्या आपल्या शिपायाच्या वाट्याची. कोणाला आधी घ्यायचे याचा निर्णय फक्त जखम पाहून व्हावा, माणूस पाहून नव्हे, हे तत्त्व १९४९ च्या नव्या जिनिव्हा कराराने स्पष्ट शब्दांत घातले. त्याआधी ते डॉक्टरच्या सदसद्विवेकावर सोडलेले होते. बेथ्यूनच्या निबंधातही जपानी चौघे शेवटी येतात, हे वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटू नये. ते शेवटी आले म्हणून त्याला दोष द्यावा, असे मला वाटत नाही. पण शेवटी का होईना टेबल त्यांच्यासाठी रिकामे झाले, आणि नवा करार त्याच्या एक पाऊल पुढे गेला, या दोन्ही गोष्टी नोंदवण्यासारख्या आहेत.

कोटणीस सैन्याचा गणवेश घालत, चिनी भाषेत विद्यार्थ्यांना शिकवत, शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत. १९४१ च्या नोव्हेंबरात त्यांनी क्वो चिंग-लान या परिचर्या शिकवणाऱ्या सहकारिणीशी लग्न केले. १९४२ च्या जुलैत ते चिनी कम्युनिस्ट पक्षात गेले, ऑगस्टमध्ये मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या एकामागून एक झटक्यांनी ते गेले. वय बत्तीस. माओंनी शोकसंदेश लिहिला. इकडे ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांचा चित्रपट आला. चित्रपटात नायक साथीच्या रोगाशी झुंजताना दिसतो. जे खरे झाले त्यात नाट्य कमी नव्हते, पण अपस्मार पडद्यावर शोभत नसावा.

मुखर्जी, चोळकर, अटल, बसू चौघे परतले, कोटणीस तिथल्या मातीत राहिले. १९५३ मध्ये त्यांचे अवशेष शिचियाच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत हलवण्यात आले. नवा चीन त्यांना विसरला नाही. आणि मग १९६२ उजाडले.

त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेफा आणि लडाखच्या बर्फात भारतीय सैनिकांसमोर उभे होते ते ज्या सैन्याची सेवा कोटणिसांनी केली त्याचेच वारस. चू तेह, निए रुंगचेन ही माणसे पेकिंगमध्ये मोठ्या पदांवर होती. सुमारे ३,९०० भारतीय कैद झाले. त्यांत कितीतरी जखमी आणि हिमदंशाने पाय काळे पडलेले. शत्रू आता आपण होतो. युद्ध थांबल्यावर डिसेंबरात चिन्यांनी बोमडिला इथे परत केलेल्या पहिल्या तुकड्यांत आजारी आणि जखमी होते. बाकीच्यांची सुटका पुढच्या मे महिन्यापर्यंत चालली. कैद्यांना कॅमेऱ्यापुढे बसवणे, त्यांना चीनची बाजू पढवणे, हेही झाले. १९३७ च्या हुकुमातली दोन्ही अंगे, मलमपट्टी आणि प्रचार, पंचवीस वर्षांनी तशीच शाबूत होती. ज्यांच्या जखमा बांधल्या गेल्या त्यांच्यापैकी कोणाला हिशेब मांडायचा असेल तर तो दोन्ही रकाने भरूनच मांडावा लागेल.

डॉक्टरच्या कर्तव्याची चर्चा आपण नेहमी डॉक्टरच्या बाजूने करतो. जखमीलाही त्यात काही म्हणायचे असते. मुंबईचे इयान कार्डोझो १९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात गुरखा पलटणीत मेजर होते. सिल्हेटजवळ त्यांचा पाय सुरुंगावर पडला. चेंदामेंदा झालेला पाय त्यांनी खुकरीने स्वतःच तोडला. भारतीय शल्यविशारद जवळ नव्हता, हेलिकॉप्टर येत नव्हते. युद्धकैद्यांत मोहम्मद बशीर नावाचा पाकिस्तानी मेजर शल्यविशारद निघाला. कार्डोझोंनी आधी साफ नकार दिला. मग वरिष्ठांनी समजावल्यावर अटी घातल्या, पाकिस्तानी रक्त द्यायचे नाही आणि शस्त्रक्रियेच्या वेळी आपला अधिकारी हजर हवा. कैदेत असलेल्या, पराभूत सैन्यातल्या बशीरने त्या अटींवर शस्त्रक्रिया केली आणि उत्तम केली. कार्डोझो पुढे लाकडी पायानिशी पलटणीचे आणि मग ब्रिगेडचे प्रमुख झाले. आपण त्या डॉक्टरचे आभार मानायला हवे होते, ते राहून गेले, हे त्यांनी नंतर अनेकदा बोलून दाखवले आहे.